न मोजलेला गडी

"अंकलने नई गणवाना. अंकल तो कच्चा लिंबू छे."

शौर्य असं म्हणाला तेव्हा माझ्याकडे दोन पिशव्या होत्या, एकीत आईच्या गोळ्या आणि दुसरीत रविवारची शेव-उसळ. औषधवाल्याकडून परत येत होतो. वासणा भागातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांचा थप्पो चालला होता, म्हणजे आमच्या लहानपणीचा लपंडावच, आणि कुणीतरी हात धरून मला एका स्कूटरमागे बसवलं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस स्कूटरमागे कितीसा मावणार! शौर्यने सगळ्यांत आधी मलाच पकडलं. पहिला सापडेल त्याच्यावर राज्य, हा नियम काही बदललेला नसणार. म्हणून मी पँट झटकली, पिशव्या बाजूला ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायला उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. तेवढ्यात त्या सात वर्षांच्या पोराने निकाल दिला, की अंकलला मोजायचं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यात टिंगल नव्हती. असती तर मी हसून सोडून दिलं असतं. त्यात माया होती. वयस्कर माणूस, दमेल बिचारा, कशाला पळवायचं. राज्य दुसऱ्या कुणावर तरी गेलं आणि खेळ पुढे सुरू झाला. "अंकल, तमे बेसो ने," दोन वेण्यांची एक मुलगी मला म्हणाली. मी पिशव्या उचलल्या आणि लिफ्टकडे गेलो.

आता एवढ्याशा गोष्टीचं माणसाने काय मनाला लावून घ्यावं? पण लिफ्टच्या आरशात मी स्वतःकडे पाहिलं आणि मला वाटलं, ह्या पोराला कुणी सांगितलं? आमच्या घरी ह्याला लिंबूटिंबू म्हणत. पोर फार लहान असलं, किंवा दुबळं असलं, तर त्याला खेळात घेतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, ओरडतं, लपतं, पण सापडलं तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला हाकलून दिलेलं नसतं आणि धरलेलंही नसतं. एरवी ही अवस्था वर्षभरात संपते. मागून आणखी लहान कुणीतरी येतं, किंवा ते पोर एक दिवस भोकाड पसरतं, मी लिंबूटिंबू नाही म्हणून. माझं तसं झालं नाही. मला सातव्या वर्षी सांध्यांचा ताप आला होता आणि तो उतरल्यावर डॉक्टरांनी छातीला नळी लावून आईला सांगितलं, की ह्याच्या हृदयात एक आवाज येतो आहे, ह्याला फार पळू देऊ नका. तेव्हा आम्ही जुन्या पागेमागच्या लाइनीत राहायचो. सगळी घरं संस्थानच्या फौजेतल्या माणसांच्या नातवंडांची. कुणी बँकेत, कुणी एसटीत, कुणी नुसताच मिशीला पीळ देत ओट्यावर बसलेला. अशा लाइनीत पोराला घरात बसवणं म्हणजे त्याला जिवंतपणी पुसून टाकण्यासारखं होतं. आईने ते केलं नाही. ती पदर खोचून ओट्यावर आली, डबा ऐसपैस खेळणाऱ्या टोळीला तिने थांबवलं आणि माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे विक्रमसिंहदादाला, सगळ्यांदेखत सांगितलं, "विकू, ह्याला खेळात घ्यायचं. पण मोजायचं नाही." दादा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने ते ऐकलं, आणि नंतर कधीच मोडलं नाही.

तसा मी सुखात होतो, हे सांगायला हवं. लिंबूटिंबूचं सुख ज्याने भोगलं नाही त्याला ते कळायचं नाही. बाकीचे बाद होत होते, भांडत होते, गुडघे फोडून घेत होते, आणि मी सगळ्यांच्या मधून डबा उडवायला धावत होतो आणि कुणी मला अडवत नव्हतं. अडवत नव्हतं म्हणून मी पोचलो की नाही हेही कुणी बघत नव्हतं. तिसरी-चौथीत मला ह्याचा एक विचित्र भास व्हायचा. वाटायचं, मी ओरडतोय खरा, पण आवाज निघतोय की नाही? मग मी मुद्दाम कुणाच्या तरी पाठीत गुद्दा घालायचो. तो वळून बघायचा, मी आहे असं पाहून "जाऊ दे रे" म्हणायचा आणि पुन्हा खेळायला लागायचा. अकराव्या वर्षी त्याच डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली आणि सांगितलं, आवाज गेला, पोरगा ठणठणीत आहे. आईने लाइनीत पेढे वाटले. देवीची ओटी भरली. सगळं केलं. फक्त ओट्यावर येऊन टोळीला सांगायचं तेवढं तिच्या ध्यानात राहिलं नाही, आणि माझीही ते मागून घ्यायची छाती झाली नाही. मग खेळच बदलत गेले. शाळा, कॉलेज, नोकरी. दादाने छाणीला त्याच्या मित्राच्या कारखान्यात मला चिकटवलं. तिथे बागेतले झोके आणि घसरगुंड्या बनतात आणि मी त्यांच्यावर देखरेख करतो. माझ्या लग्नाची मुलगी दादाने पाहिली. स्नेहल चांगली निघाली हा माझा भाग्ययोग. फ्लॅट दादाने शोधला. प्रत्येक वेळी मला बोलावलं जायचं, चहा दिला जायचा, "अनू, तुला काय वाटतं?" असं विचारलंही जायचं, आणि मी काय म्हणालो हे ऐकायच्या आत पुढचं ठरलेलं असायचं. दादाचं माझ्यावर फार प्रेम आहे. तो मला कशातही बाद होऊ देणार नाही.

घरात शिरलो तेव्हा आई खिडकीशी बसून पेपर वाचत होती. ब्याऐंशी वर्षांची आहे. येसूबाई हे नाव तिला शोभतं. अंगाने एवढीशी, पण पाठ ताठ. हल्ली मात्र बाथरूमपर्यंत जाऊन आली की दाराला धरून उभी राहते आणि आपण दम खात नसून कॅलेंडर बघतोय असं दाखवते. "गोळ्या आणल्यास?" तिने विचारलं. "कशाच्या आहेत ह्या?" "गॅसच्या," मी म्हणालो. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. स्नेहलने स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि उघडले. ह्या घरात हे महिनाभर चाललं आहे. गॅस झालाय, गॅसच्या गोळ्या, आणि उद्या सोमवारी सकाळी अलकापुरीतल्या इस्पितळात गॅसची एक मोठी तपासणी, दोन दिवस तिथे राहायचं आणि घरी यायचं. खरं म्हणजे आईच्या हृदयाची एक झडप आकसली आहे. मांडीतल्या शिरेतून नळी घालून नवी झडप बसवायची आहे. गंमत बघा, आवाज माझ्या हृदयात होता आणि झडप तिची आकसली. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी आम्हा दोघा भावांपासून काही लपवलं नाही. ह्या वयात टेबलावरच काही होऊ शकतं, म्हणाले. आणि काही केलं नाही तर वर्ष, दीड वर्ष, तेही हळूहळू खाली जात. मग त्यांनी पेन बाजूला ठेवून विचारलं, "पेशंटचं काय म्हणणं आहे?" दादा म्हणाला, "तिचं काही म्हणणं नसतं. आम्ही ठरवतो. तिला ह्यातलं काही सांगायचं नाही, घाबरेल." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझी मान हलवण्यात तरबेज आहे. बाहेर आल्यावर दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना." मग त्याने मोबाइल काढला आणि उगाच चाळत राहिला.

शेव-उसळ खाताना मला पहिल्यांदा वाटलं, की आपण आईला लिंबूटिंबू केलंय. हे असं शब्दांत वाटलं आणि मी चमचा खाली ठेवला. "काय रे, तिखट झालंय?" आईने विचारलं. मी नाही म्हणालो. ती आपली शेव भिजायच्या आत घाईघाईने खात होती, तिला कुरकुरीतच लागते. सगळ्या बैठकीत तिला मधोमध बसवतो आम्ही. तिला विचारतो, आई, पंखा वाढवू का, आई, साडी कुठली नेसणार. ती जे म्हणेल त्यावर हसतो, वा वा करतो. आणि जिथे तिच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे तिचा श्वाससुद्धा मोजत नाही. ओट्यावर उभं राहून एकाने सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला तिची कीव आली असं नाही म्हणता यायचं. मला राग आला, आणि तो नेमका कुणाचा ते कळेना. आईचा आला असावा. तिनेच शिकवलं होतं ना दादाला हे. मग त्या रागाचीच लाज वाटली आणि मी उठून हात धुतले.

दुपारी जेवायला दादा आणि त्याची मुलगी आभा आली. वहिनी माहेरी गेल्या होत्या. आभा युनिव्हर्सिटीत मुलांच्या खेळण्यावर अभ्यास करते. ती बालवाड्यांमध्ये कोपऱ्यात बसते आणि कोण कुणाला ढकलतं ते बघते. मला ती कामाच्या निमित्ताने जवळची. मी तिला छाणीला नेऊन घसरगुंड्या दाखवल्या होत्या. हल्ली सगळ्या सोसायट्यांना उंची कमी हवी, खाली रबर हवं, कुणी पडता कामा नये. आभाने तेव्हा वैतागून विचारलं होतं, "काका, पडलीच नाहीत तर पोरं चढायला शिकणार कशी?" मी म्हणालो होतो, ते गिऱ्हाइकाला विचार. आज जेवताना मी तिला सकाळची थप्प्याची गोष्ट सांगितली, हसत हसतच. दादा खदखदून हसला. आभा हसली नाही. ती म्हणाली, "हे प्राण्यांतही असतं, काका. मोठं पिल्लू लहानाशी कुस्ती खेळतं ना, तेव्हा मधूनमधून आपणहून उताणं पडतं. सारखं तेच जिंकलं, तर लहान पिल्लू खेळायला यायचंच बंद होतं."

"म्हणजे चांगलंच की," दादा म्हणाला.

"मधूनमधून, बाबा. प्रत्येक वेळी पडलं तर तो खेळ नाही राहत. लहानाला काही कळतच नाही मग, आपल्यात किती जोर आहे ते. इतकी वर्षं माणसाचं पिल्लू खेळतं कशाला? दुसऱ्या कुणाचं बालपण एवढं लांबत नाही. हरायची सवय तिथेच होते. खेळात मेलं तरी परत उठता येतं ना, म्हणून."

"जेवताना मेलं-बिलं काय गं!" स्नेहल म्हणाली आणि तिने पटकन आईच्या ताटात कढी वाढली. आई खाली मान घालून भात कालवत होती.

जेवणं झाली की पट मांडायचा, हा आमच्या घरचा रविवार. आजूबाजूचे गुजराती लोक त्याला इस्टो म्हणतात, आमच्या लाइनीत नुसता पट. खडूने पाच ओळी पाच घरं आखायची. प्रत्येकाचं आपलं एक फुलीचं घर. चार कवड्या टाकून जेवढ्या उताण्या पडतील तेवढी घरं सोंगटी चालवायची, बाहेरच्या वाटेने पूर्ण फिरवून मग आत, मधल्या घरात. फुलीवर सोंगटीला भय नाही. एरवी आपल्या सोंगटीवर दुसऱ्याची येऊन बसली की आपली मेली, उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि एक अट, जी मला लहानपणापासून क्रूर वाटत आली आहे: कुणाची तरी एक सोंगटी मारल्याशिवाय आत जायला मिळत नाही. त्याला तोड म्हणतात. तोड नसली तर बाहेरच गोल गोल फिरत बसायचं. मला अर्थातच तोड लागत नसे. माझ्या सोंगट्या मारायच्याही नसत. त्यामुळे मी दर वेळी पोचायचो, आणि मी पोचलो हे कुणी धरायचं नाही. मोठेपणी नियम सगळ्यांना सारखे झाले म्हणे, पण सवयीने मी कुणाला मारत नाही आणि सवयीने मला कुणी मारत नाही. मी बाहेरून फिरत राहतो. "अनू प्रदक्षिणा घालतोय," हा दादाचा ठरलेला विनोद आहे.

आबा असते तर त्यांनी हे चालवून घेतलं नसतं. आमचे वडील, हंबीरराव, मितभाषी माणूस, पण पटावर बसले की त्यांच्या डोळ्यांत आजोबांची तलवार यायची. दुपारी लाइन झोपलेली असताना ते आणि आई दोघंच खेळायचे. मी आजारी असायचो तेव्हा शेजारी पडून बघायचो. आईची सोंगटी म्हणजे हिरव्या बांगडीचा तुकडा; तो दाराशी, आत वळायच्या घरात, आला की आबा त्याला टिपायचेच. दयामाया नाही. आई कवड्या फेकून उठायची आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलायची नाही. चहाचा कप त्यांच्यापुढे आदळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पदराने घाम पुसत स्वतःच खडू घेऊन पट आखायला बसलेली असायची. मला तेव्हा तिचं नवल वाटायचं. एवढं रडवतात, तर खेळते कशाला? आबांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्यामागे तिला तसं कुणी मारलेलं नाही.

आज पट जुन्या कॅरमबोर्डाच्या पाठीवर आखला आणि बोर्ड टीपॉयवर ठेवला, कारण आईला खाली बसवत नाही. तिच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे, दादाचे चिंचोके, आभाचे खडे, माझी शर्टाची बटणं. खेळ सुरू झाला आणि मी पहिल्यांदाच तो जरा लांबून पाहिला. दादा आपला चिंचोका उचलून बरोबर आईच्या पुढ्यात नेऊन ठेवत होता. कवड्यांचं दान तसं नसलं तरी मोजताना एखादं घर खात होता. आईने चिंचोका मारला की "वा, येसूबाई, वा!" असं ओरडत होता. हा माणूस बाहेर कुणाला एक इंच सोडत नाही. आभासुद्धा, सकाळ-संध्याकाळ खेळाचा अभ्यास करणारी, आजीच्या वाटेतून आपले खडे हळूच बाजूला घेत होती. स्नेहल चहा करता करता डोकावत होती आणि आई पुढे आहे असं पाहून खूश होऊन परत जात होती. तिघांच्या चेहऱ्यांवर एकच हसू. माझ्याही असणार. आईचे तीन तुकडे मधल्या घरात पोचले होते. चौथा, शेवटचा, बाहेरची सगळी वाट संपवून आत वळायच्या घरात येऊन उभा होता. ती जिंकत होती. आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती कवड्या टाकत होती आणि तुकडा सरकवत होती, भाजी निवडावी तशी. मला आठवलं, कवड्या भिंतीवर फेकून उठणारी बाई. ती कुठे गेली? आम्ही तिचं काय केलं?

माझी पाळी आली. मी कवड्या टाकल्या. दोन पडले.

माझं एक बटण आईच्या तुकड्यामागे नेमकं दोन घरांवर होतं. हे मला दिसलं तसं सगळ्यांनाच दिसलं असणार, पण कुणाच्या मनात काही आलं नाही. अनू दुसरं बटण चालणार. दादाने तर आईच्या दानासाठी कवड्या गोळा करायला हातही पुढे केला. माझे कान तापले. बटणावर बोट ठेवलं तर ते बोट माझं वाटेना, एवढं हलकं. उद्या सकाळी ह्या बाईला आपण गॅस म्हणून घेऊन जाणार, आणि ती टेबलावर गेली तर गॅस समजूनच जाणार, असं मला स्पष्ट वाटलं. भीती वाटली. पागेमागच्या लाइनीतली भीती. मी मोठ्याने मोजलं, एक, दोन, आणि बटण तिच्या तुकड्याच्या घरात ठेवलं.

"तोड," मी म्हणालो.

"अरे!" दादा ओरडला. "वेडा झालास का, अनू? दुसरं चाल की! आई, राहू दे, त्याचं काही धरू नकोस."

"का धरू नको?" आई म्हणाली.

तिने पुढे वाकून आपला हिरवा तुकडा स्वतः उचलला. बोर्डाच्या कडेने हात नेत तो आपल्या फुलीवर, सुरुवातीच्या घरात, नीट ठेवला. मग मागे टेकून बसली. तिच्या गालांवर लाली आली होती. ती चिडली होती, चांगलीच, आणि मला ते पाहून इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"मारलीस?" तिने विचारलं.

"हो."

"दाराशी आलेली?"

"हो, आई."

"मग आता हेही सांग. उद्या मला कशासाठी नेताय?"

"गॅसची तपासणी, आई," दादा घाईने म्हणाला, "तुला सांगितलं ना—"

"विकू, तू गप. तुझी पाळी नाही." तिने माझ्यावरची नजर काढली नव्हती. "महिना झाला, तुम्ही मला एकदाही हरवलेलं नाही. आधी निदान अधूनमधून हरवायचात. तेव्हाच मला कळलं, काहीतरी मोठं झालंय. आभा मघाशी सांगत होती ना, आपणहून उताणं पडतात म्हणून? तुम्ही सगळे एकदमच उताणे पडलात, बाबांनो. मला काय समजत नाही? जिंकत होते आपली, तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

स्नेहल चहाची गाळणी हातात धरून दारात उभी होती. मग मी सांगितलं. झडप, नळी, टेबल, वर्ष-दीड वर्ष, सगळं. मध्ये दादाने दोनदा मला थांबवलं आणि मी थांबलो नाही. सांगताना माझा आवाज मला स्वतःला ऐकू येत होता आणि तो बाकीच्यांनाही ऐकू जातोय हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. शेवटी डॉक्टरांनी विचारलेलंही सांगितलं, पेशंटचं काय म्हणणं आहे ते, आणि आम्ही काय उत्तर दिलं तेही. दादाने चष्मा काढला आणि तोंड फिरवलं. तो रडत होता. थोरला असल्यामुळे त्याला कधी कुणी लिंबूटिंबू होऊ दिलं नव्हतं, हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

आईने बोर्डाकडे पाहिलं. खाली पार्किंगमध्ये पोरांचा गलका चालला होता, कुणीतरी आकडे म्हणत होतं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या जाऊ. पण त्या डॉक्टरशी आधी मी बोलणार. एकटी. तुम्ही दोघांनी बाहेर बाकावर बसायचं. करायचं की नाही ते मी ठरवीन आणि मग तुम्हाला सांगीन. नाही म्हटलं तर नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. दादाने चष्मा डोळ्यांवर चढवला, नाक ओढलं आणि नुसती मान हलवली.

"मग आता काय सुतक धरून बसलात? विकू, डोळे पूस. स्नेहल, चहा आण गं, उकळून काढा झाला असेल त्याचा. पाळी कुणाची? माझी ना?"

तिने कवड्या ओंजळीत घेतल्या, दोन्ही हातांनी खुळखुळवल्या आणि जोरात टाकल्या. एक टीपॉयच्या कडेवर जाऊन थांबली. तीन पडले. तिचा हिरवा तुकडा फुलीवर होता आणि तिथून तिसऱ्या घरात माझं दुसरं बटण होतं, कितीतरी वेळ तिथेच पडलेलं, कारण त्याला आजवर भय नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं. मग एकेका घरावर बोट आपटत तिने मोजलं आणि बांगडीचा तुकडा माझ्या बटणावर टेकवला. एवढ्या वर्षांत ह्या घरात माझी सोंगटी कुणी मारली नव्हती.

"बघत काय बसलास?" ती म्हणाली. "उचल."

मी बटण उचललं आणि माझ्या घरात, पहिल्या जागी, ठेवलं.